मृगाची संत्री, सुटलेला विषय

कोइम्बतूरला आमच्या मिलच्या क्वार्टरसमोर फेब्रुवारी संपता संपता एक हातगाडी लागते. तिच्यावर संत्री असतात. इथे त्यांना कमला म्हणतात. गाडीवाला ओरडत असतो, नागपूर, नागपूर. त्याला सांगावंसं वाटतं, की ही नागपूरची नसतील रे बाबा, आमच्या सौंसरची नाहीतर पांढुर्ण्याची असतील, नागपूरला नुसती ट्रकात चढली असतील. पण माझं तमिळ भाव करण्यापुरतंच आहे. मी एक संत्रं उचलते, देठाजवळ अंगठ्याचं नख रुतवते आणि नाकाजवळ नेते. गाडीवाला ओळखीचा झाला आहे, रागवत नाही. सालीतून बारीक फवारा उडतो, डोळ्यांत झणझणतं, आणि मी लोधीखेड्याच्या अलीकडच्या आमच्या बगीच्यात उभी असते.

ही मृगाची संत्री. आंबियाची, म्हणजे थंडी संपताना आलेल्या फुलांची, दिवाळीच्या आगेमागे निघतात, ती दिसायला मोठी आणि चवीला जरा पाणचट. मृगाचं फूल जूनच्या पावसावर येतं आणि फळ फेब्रुवारी-मार्चात पिकतं. घट्ट, गोड, सालीला चिकटलेलं. म्हणजे आमच्याकडे संत्री तोडायचा आणि पोरांच्या परीक्षांचा महिना एकच. माझ्या डोक्यात ही दोन्ही इतकी एकमेकांत गेली आहेत, की प्रश्नपत्रिका म्हटलं की मला अजून तणसाचा वास येतो.

तणस म्हणजे भाताचं वाळलेलं गवत, ते संत्र्यांच्या पेट्यांत घालायचं. बगीच्यात मधोमध सावलीला संत्र्यांचा ढीग पडलेला, भोवती बाया बसलेल्या, मोठं वेगळं, बारीक वेगळं, डागाळलेलं घरी खायला. बायांचं तोंड हातापेक्षा जोरात चाललेलं. कुणाच्या सासूचं, कुणाच्या जावयाचं, कुणाचं पोट्टं कुणासोबत बसमध्ये दिसलं त्याचं. मी पुस्तक घेऊन ढिगाच्या दुसऱ्या बाजूला बसायची, पाठांतर मोठ्यानं करायची, म्हणजे त्यांच्या गोष्टी कानावर पडत नाहीत असं बाबांना वाटावं. वत्सलाकाकू म्हणून एक होती, ती विचारायची, "काय वाचून राहिली वं?" मी सांगायची, बेडकाचं हृदय. त्यावर ती बाकीच्यांना म्हणायची, "पाह्य बाई, आपल्याले नवऱ्याचं समजलं नाही आजवर, हे बेडकाचं समजून राहिली." सगळ्या हसायच्या. मीही हसायची. झाडांचे बुंधे मोरचूद-चुन्याच्या लेपानं निळसर पांढरे दिसायचे, शाळेच्या गणवेशातली पोरं रांगेत उभी केल्यासारखे.

त्या वर्षी मी अकरावीत होते. जीवविज्ञान घेतलं होतं. गाव मध्य प्रदेशात, घरचं सगळं मराठी आणि सौंसरची शाळा हिंदी, त्यामुळे विषयांची नावं मी अजून हिंदीतच घेते. आमच्या वर्गात मुली होत्या, पण बहुतेक कलावाल्या, काही गृहविज्ञानवाल्या. जीवविज्ञानाच्या डोंगरे मॅडम सौंसरलाच राहायच्या. त्यांच्या प्रयोगशाळेत एक सूक्ष्मदर्शी होता, त्याला पिवळं कापड गुंडाळलेलं असायचं. संत्र्याच्या पानाचा पातळ काप त्याखाली ठेवून त्यांनी मला पहिल्यांदा पाहायला लावलं, तेव्हा मला खोल्याच खोल्या दिसल्या होत्या, हिरव्या, एकमेकींना लागून. आमच्या घरच्या पानात एवढं घर आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी बसमधून परतताना मी खिडकीबाहेरच्या प्रत्येक झाडाकडे जुन्या ओळखीच्या माणसाकडे पाहावं तशी पाहत आले.

आणि त्याच फेब्रुवारीत आईच्या कमरेनं दगा दिला. भरलेलं टोपलं उचलताना काहीतरी सरकलं आणि ती खाटेवरून उठेना. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं, हलायचं नाही. बगीच्यात माल तोडणीला आलेला, बायांच्या भाकरी, पाहुणे, व्यापारी, लहान भाऊ. कुणी मला बोलावून शाळा सोड असं म्हटलं नाही. एका सकाळी बस आली आणि मी चुलीपुढे होते, इतकंच झालं. दुसऱ्या दिवशीही.

डोंगरे मॅडम स्वतः आल्या. रस्त्यावर बसमधून उतरून, धुळीतून पायी, छत्री घेऊन. बाबांनी त्यांना बगीच्यातच खाट टाकून दिली, संत्री सोलून ठेवली. मी चहा घेऊन गेले आणि तिथंच उभी राहिले. बाबा फार नम्रपणे बोलत होते. पोट्टी हुशार आहे हे त्यांना ठाऊक होतं, मॅडमचे उपकार होते, पण घर कसं चालायचं. मग त्यांनी हात झाडांकडे केला आणि संत्र्यावाल्या माणसाला जे सुचेल तेच ते बोलले. झाडाला आपण ताण देतोच ना मॅडम, म्हणाले. उन्हाळ्यात पाणी तोडतो. पानं मलूल होतात, पाहणाऱ्याला वाटतं गेलं झाड. पण त्यानंच तर बहार धरतो. पाणी चालूच ठेवलं तर नुसता पाला वाढतो.

मॅडमनी संत्र्याची फोड तोंडात घातली नव्हती, हातातच धरली होती. म्हणाल्या, "भाऊ, झाडाचा ताण कधी तोडाचा ते तुम्ही आधीच ठरवून ठेवता. मंग हिचा कधी तोडता, ते सांगा मले."

"एक साल, मॅडम," बाबा म्हणाले. "एक सालाच्या वर नाही."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे आज सांगायला हवं. मला ते पटलं होतं. मी बगीच्यातलीच होते. ताण म्हणजे काय हे मला बेडकाच्या हृदयापेक्षा आधी समजलेलं. मे महिन्यात विहिरीचा पंप बंद व्हायचा, माती उलटी करून उन्हात तापत ठेवायची, आणि भर उन्हात हजारो पानं हातांच्या ओंजळी केल्यासारखी आत वळायची. मग जूनमध्ये पाऊस आला की पंधरवड्यात सगळा बगीचा पांढरा. त्या फुलांचा वास इतका जड असतो, की अंगणात झोपलेल्या माणसाला पहाटे डोकं दुखत उठावं लागतं. मला वाटलं, आपलंही असंच. एक उन्हाळा काढायचा.

पण त्या साली पाऊस आला नाही. मृग कोरडा गेला, पुढचं नक्षत्रही तसंच. शेजारच्या बगीच्यावाल्यानं विहिरीत होतं तेवढं पाणी देऊन ताण तोडून टाकला. बाबांचं मत पडलं, की आणखी चार दिवस थांबावं, पावसाच्या पाण्यासारखा बहार विहिरीच्या पाण्यानं येत नाही. आमच्याकडची माणसं या एका गोष्टीवर फार ताणून धरतात. चार दिवसांचे आणखी चार झाले. पानं वळायची थांबली आणि गळायला लागली. रोज सकाळी बाबा आभाळाकडे पाहत बांधावर उभे राहायचे आणि मी घरातून त्यांच्या पाठीकडे पाहायची. आईला उचलून बसवणं तेव्हा माझ्याकडे होतं.

पाऊस शेवटी आला, उशिरा आणि मुसळधार. आणि बहार असा आला, की तसा कुणी पाहिला नव्हता. पान दिसेना. बोरगावहून, तिगावहून लोक पाहायला आले. बाबा त्यांना चहा पाजत फिरले, सांगत राहिले, ताण असा धरावा लागतो. पुढच्या फेब्रुवारीत फांद्या फळांनी जमिनीला टेकल्या, त्यांना बांबूंचे टेकू द्यावे लागले. फळ मात्र बारीक राहिलं. आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यापासून झाडं शेंड्याकडून वाळायला लागली. एकेक फांदी, एकेक झाड. इतका बहार झाडानं आपल्या हौसेनं दिलेला नसतो, हे तेव्हा समजलं. मरणाला भ्यालेलं झाड असेल नसेल ते सगळं फुलांत घालून टाकतं.

आई बरी झाली. काठी न घेता चालायला लागली. पण तोवर वाळलेली झाडं काढायची होती, नवीन कलमं लावायची होती, घरात हात कमी होते, आणि मग पांढुर्ण्याचं स्थळ चालून आलं. माणसं चांगली, शहरात कपड्याचं लहान दुकान, मुलगा सूतगिरणीत शिकाऊ. कुणी वाईट नव्हतं या सगळ्यात. मी दोष द्यायला माणूस शोधत बसते आणि मला कुणी सापडत नाही, त्यामुळे ती हळहळ कुठे ठेवावी हेच मला समजत नाही. एका सालाचं बोलणं पुन्हा कुणी काढलं नाही. बाबाही विसरले असं मी धरून चालले.

पुढे ह्यांची नोकरी इथे कोइम्बतूरच्या मिलमध्ये लागली, आणि मी अशा गावात आले जिथे पाटी वाचता येत नाही. ज्याला पाटी वाचता येत नाही तो पुन्हा पहिलीत बसतो. भीती वाटायची, अजून वाटते. बँकेत, दवाखान्यात, मुलीच्या शाळेत मी दहादा विचारून खात्री करते आणि मग अकराव्यांदा. पण माणसं फार चांगली भेटली. मुलगी समीक्षा कॉलेजला जायला लागली तेव्हा तिनंच मला ओपन स्कूलमध्ये बसवलं. परीक्षेच्या दिवशी ह्यांनी डबा केला. फोडणी जळलेली होती, तरी मी सगळा संपवला. मी बारावी झाले तेव्हा मिलच्या लायनीतल्या बायांनी मला नारळ दिला. आभार मानायचे म्हटले तर माझं अर्धं आयुष्य त्यातच जाईल.

आणि आता यंदा, हातगाडीवर मृगाची संत्री आली असताना, मला विषय निवडायचा होता. मुक्त विद्यापीठात पदवीला नाव घालायचं तर मुख्य विषय एक धरावा लागतो, आणि एकदा धरला की तो सहजासहजी बदलत नाही. अभ्यासकेंद्रावर कलैवाणी नावाची समुपदेशक आहे, माझ्यापेक्षा पुष्कळ लहान. मला अक्का म्हणते, हिंदीत बोलायचा प्रयत्न करते. तिनं मला सगळं समजावलं. समीक्षाचं म्हणणं, सायकॉलॉजी घे, आजकाल सगळे तेच घेतात, आणि तशीही तू घरात सगळ्यांच्या मनातलं ओळखत बसतेस. हे म्हणाले, तुला झेपेल ते घे, पण अंकगणित असलेलं नको, मला शिकवावं लागेल. मी हसले, आणि कुणाला न सांगता कलैवाणीला विचारलं, बॉटनी मिळेल का.

तिनं माझे कागद पुन्हा पाहिले. माझी बारावी कलेची. विज्ञान इथल्या केंद्रात नव्हतंच, प्रयोगशाळा लागते म्हणून. मला वाटलं, ती नाही म्हणेल आणि मी ते ‘नाही’ घेऊन घरी जाईन. खरं तर त्या ‘नाही’ची मला सवय होती. इतकी वर्षं मी त्याच्याच सावलीत बसत आले होते. कुणी विचारलं की सांगायची, जीवविज्ञान घेतलं होतं मी, पण राहून गेलं.

पण कलैवाणी पुढच्या आठवड्यात मला शोधत आली. तिनं खटपट केली होती. ओपन स्कूलचा जीवविज्ञानाचा एक विषय जोडून देता येतो, म्हणाली, रसायनही त्यासोबत, आणि तिच्या ओळखीच्या एका कॉलेजात रविवारी प्रयोगशाळा उघडून देतील. दोनेक वर्षं जास्त जातील, मग बॉटनी. तिचे डोळे चमकत होते. मी तिचे दोन्ही हात धरले. रडले असेन थोडी. घरी आले ती रस्ताभर पळत आल्यासारखी.

समीक्षाची अकरावीची जुनी पुस्तकं पलंगाखालच्या पेटीत होती. दुपारी घर रिकामं होतं. मी जीवविज्ञानाचं पुस्तक काढलं, पुसलं, आणि पानाच्या आतल्या रचनेचं चित्र उघडून बसले. तेच चित्र. त्याच हिरव्या खोल्या, एकमेकींना लागून. मी वाट पाहिली. एक परिच्छेद वाचला, मग दुसरा. इंग्रजीमुळे होत असेल म्हणून शब्दकोश घेतला. चहा करून आले, पुन्हा बसले.

काही झालं नाही.

कंटाळा आला, असं साध्या शब्दांत सांगते. मला ते पान वाचावंसं वाटेना. मी पुढची पानं उलटली, बेडूक आता अभ्यासात नाही असं दिसलं, आणि त्याचंसुद्धा वाईट वाटलं नाही. इतकी वर्षं मी समजत होते की माझी इच्छा दाराबाहेर उभी आहे, दार उघडायचा अवकाश. दार उघडलं तेव्हा बाहेर कुणी नव्हतं. ती सोळा वर्षांची पोरगी कधी निघून गेली, मला पत्ताच नाही. तिच्या जाण्याचं मला काय वाटतं ते तरी सांगता यावं, तर तेही येत नव्हतं. विषय न मिळाल्याचं दुःख मला पाठ होतं. विषय नको झाल्याचं दुःख कसं करतात हे ठाऊक नव्हतं.

काही दिवस मी कलैवाणीला तोंड दाखवलं नाही. तिनं एवढी धडपड केली, तिला काय सांगायचं. शेवटी मुदत जवळ आली म्हणून गेले. ती कुणाशी बोलत होती, मी बाहेरच्या कपाटातली नमुन्याची पुस्तकं चाळत उभी राहिले. त्यात एक इतिहासाचं होतं, हिंदीत. राज्यं भाषेप्रमाणे कशी वाटली गेली त्यावरचं प्रकरण उघडलं गेलं. मला इथे शेजारणी नेहमी विचारतात, तुम्ही मराठी, मग महाराष्ट्राच्या ना? मी म्हणते, नाही, मध्य प्रदेशच्या. मग मराठी कशा? त्यावर मी कधी काही सांगू शकले नाही. घरात मराठी, शाळेत हिंदी, दवाखाना नागपूरला, साहेब भोपाळला, हे आम्हाला हवापाण्यासारखं होतं. कुणी रेघ ओढली म्हणून आम्ही रेघेच्या त्या बाजूला राहिलो, आणि त्या वेळी त्यावर माणसं बोलली, भांडली, बसून ठरवलं गेलं, हे माझ्या मनातच कधी आलं नव्हतं. मी ते प्रकरण उभ्यानं वाचलं. पाय बदलून वाचलं. शिपाई पंखे बंद करत आला तेव्हा मी शेवटच्या पानावर होते आणि कलैवाणी माझ्या शेजारी उभी होती, कधीची कोण जाणे.

बॉटनी नको, इतिहास हवा असं तिला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. मी माफी मागत राहिले, आभार मानत राहिले, दोन्ही एकात एक. ती म्हणाली, सोच लो अक्का, फिर वापस नहीं होगा. मी म्हटलं, विचार केला. मग तिनं संगणकाच्या पडद्यावर इतिहासावर बोट ठेवायला मलाच सांगितलं. मी ठेवलं. आनंदानं ठेवलं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मनात एकसारखं येत होतं, की हा उशिराचा बहार मी कशाच्या जोरावर धरते आहे, पुढे फळ भरेल की नाही. आणि त्याच्या खाली आणखी एक होतं, की आज मी एका माणसाला कायमचं नाही म्हटलं, आणि ते माणूस मीच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना फोन लावला. बाबा आता थकले आहेत, ऐकू कमी येतं, भाऊ त्यांना फोन कानाशी धरून देतो. आई आता नाही. त्यांनी आधी संत्र्यांचं सांगितलं. माल तोडणीला आला आहे, बाया मिळत नाहीत, प्लास्टिकच्या क्रेटात भरून देतात, तणसाचं कुणी नावही काढत नाही. मी सांगितलं, बाबा, कॉलेजात नाव घातलं. ते मला दोनदा मोठ्यानं सांगावं लागलं, शेजारच्या खिडकीतली बाई डोकावली.

मग बाबांनी विचारलं, "मंग, जीवविज्ञान भेटलं का?"

इतक्या वर्षांत त्यांनी त्या विषयाचं नाव एकदाही काढलं नव्हतं. मला वाटायचं त्यांना ते ठाऊकही नसेल, अकरावीत पोरगी काय शिकत होती. म्हणजे ते त्यांच्याजवळच होतं, सगळा वेळ. झाडं काढताना, माझं लग्न लावताना, दर दिवाळीला मला पांढुर्ण्याच्या स्टेशनवर पोचवायला येताना.

खोटं बोलायचं मनात आलं. हो म्हणावं, की भेटलं. पण मला ते जमलं नसतं, पुढे विचारलं असतं तर काय सांगितलं असतं. मी म्हटलं, "भेटत होतं, बाबा. मीच नाही घेतलं. मन नाही राहिलं त्यात."

भावाचा आवाज आला, ऐकू आलं का म्हणून. मग बाबाच म्हणाले, हळू, मला ऐकवायचं नसल्यासारखं, "मले बरं वाटावं म्हणून बोलून राहिली तू."

"नाही हो बाबा. खरंच."

"राहू दे," ते म्हणाले. "समजते मले."

मी पुन्हा सांगितलं, आणि एकदा सांगितलं. प्रयोगशाळा रविवारी उघडून देणार होते, कलैवाणीनं सगळं जमवलं होतं, पुस्तक मी स्वतः उघडून पाहिलं, सगळं. जितकं खरं सांगत गेले तितकं ते रचलेलं वाटायला लागलं, मलासुद्धा. बाबा मधे मधे हं म्हणत होते. लहान पोर काहीतरी सांगतं तेव्हा मोठी माणसं म्हणतात तसं.

मग त्यांनी विचारलं, "काय घेतलं मंग?"

"इतिहास."

"त्यात काय असते?"

"आधी काय काय झालं, ते," मी म्हटलं. "अन् कायले झालं."

बाबांनी विचारलं, "ते कोणी सांगते का त्यात? कायले झालं ते?"

मी म्हटलं, पुस्तकं अजून यायची आहेत, आली की वाचून सांगते. ते म्हणाले, बरं, पाह्य, आणि फोन भावाकडे दिला.